हिरवा दिवा कोणी मंद केला?

तो प्रकार मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. डोणगावच्या बाजूला एका ठाण्यावर मी फौजदार होतो. एका गिरणीमालकानं वजन वापरून गावच्या गायरानावर आपल्या छोट्या विमानासाठी धावपट्टी करून घेतली होती. एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, पाहुण्यांना फिरवून आलेलं ते विमान पट्टी ओलांडून थेट ज्वारीत घुसलं. पुढचा पंखा वाकला, एका पाहुण्याचा हात मोडला. जीव कोणाचा गेला नाही, हे नशीब.

मी लगेच पंचनाम्याला बसलो. विमानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून दिसेल ते सगळं लिहायला सांगितलं. चाकं खाली, दार उघडं, कोणतं बटण वर, कोणतं खाली.

"सायेब, बटनं कायले लिहून राह्यलो आपन?" हवालदार कुरकुरला.

"गप लिही," मी म्हटलं.

वैमानिकाचा जबाब सरळ होता. चाकं उघडली की समोर एक हिरवा दिवा लागतो. आदल्या दिवशी तो मंद दिसला, म्हणून बाजारातल्या बॅटरीवाल्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतला. आज मात्र उतरताना दिवा दिसलाच नाही. चाकं उघडली नाहीत असं समजून तो घिरट्या घालत राहिला आणि शेवटी घाबरून कसाबसा उतरला. चाकं तर उघडलेलीच होती! म्हणजे दिव्यानं दगा दिला, आणि दिव्याला हात लावला होता मिस्त्रीनं.

सकाळी आमचा खबऱ्या आला. "सायेब, गायरान गेलं तवा त्या मिस्त्रीनंच तहसीलदाराले अर्ज देल्ला होता. चावडीवर म्हणे, हे इमान इथं टिकू देत नाई."

झालं! हेतू मिळाला, माणूस मिळाला. मी त्याला उचलून आणायला शिपाई धाडले.

मिस्त्री तिशीतला, बौद्ध घरातला, खिशात टेस्टर. आत येताच "जय भीम" म्हणाला आणि ताठ उभा राहिला. मालकाचा मॅनेजर बाकावर बसला होता, त्यानं नाक मुरडलं.

"चावडीवर बोललास?"

"हाव, बोललो. गायरान गावाचं हाय. आजबी बोलतो."

"दिव्याचं काय केलंस?"

"होल्डर घासला, बल्ब पुसला, बसवला. लागला. पायलटानं सोता पाह्यला."

"मग विझला कसा?"

"तेच तं मले पाहू द्या! म्या केलं ते सांगतो. नाई केलं ते लिहून देत नाई. मारायचं असंल तं मारा."

तेवढ्यात वरून फोन आला, संध्याकाळपर्यंत कबुलीजबाब पाहिजे. मी छडी हातात घेतली होती, हे लपवत नाही. पण तो पठ्ठ्या छडीकडे बघेचना. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा त्या फोनचा जास्त आला. छडी टेबलावर आपटली आणि म्हटलं, "चल, दाखव."

दोन पंच, वैमानिक, मॅनेजर आणि मिस्त्री यांना घेऊन मी ज्वारीत गेलो. विमानावर कालपासून पहारा होता. वैमानिकानं बॅटरी चालू केली. दिवा दिसेना.

"बघा!" मॅनेजर ओरडला.

मिस्त्रीनं दिव्याभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला. "सायेब, डोळा लावा इथं."

आत दिवा मिणमिणत होता.

"बल्ब जिता हाय. याले करंट कमी भेटून राह्यला. कोन्या बटनानं, ते पाहू."

तो एकेक बटण खालीवर करत गेला. पंखांच्या टोकावरच्या दिव्यांचं बटण खाली केलं, म्हणजे ते दिवे बंद केले, आणि हिरवा दिवा भक्कन उजळला! वर केलं, मंद. त्यानं चारदा करून दाखवलं. रात्री डोळे दिपू नयेत म्हणून विमान बनवणाऱ्यांनीच ही सोय ठेवली होती. उजेडात मात्र मंद झालेला दिवा दिसायचाच नाही. वैमानिक या विमानावर नवा होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"दिवसाउजेडी पंखांचे दिवे लावले कशाला?" मी विचारलं.

"मालक म्हणाले, दिवे लावून उतर, गावाला दिसू दे. परवाही तसंच केलं होतं."

मिस्त्री हसला. "म्हंजे म्या पुसला म्हनून लागला, हे बी खोटंच. तवा बटन खाली असंल."

"बटण यानंच आत्ता वर केलं असेल," मॅनेजर म्हणाला. मी पंचनामा काढून त्याच्या नाकासमोर धरला. पंचांच्या सह्यांनिशी ते बटण कालच वर होतं. मग तो हळूच म्हणाला, बटणाचं गाळा, नुसता बिघाड लिहा. संध्याकाळी वरूनही तेच सांगणं आलं. नोकरी जड झाली का, असंही विचारलं.

"नोकरी तुमच्या हातात आहे, साहेब," मी म्हटलं. "पंचनामा माझ्या हातात आहे."

मी स्टेशन डायरीत सगळं लिहिलं आणि मिस्त्रीला म्हटलं, "जा, सुटलास."

तो जागचा हलेना. "सुटलो, ते ठीक. पन तुमच्या शिपायाईनं मले बेड्या घालून भर बाजारातून आनलं. आता तुमी सोता मले तिथूनच पोचवून द्या."

"काय बे, सायेबाले हुकूम करतं?" हवालदार खवळला. मी त्याला हातानं थांबवलं आणि टोपी घातली.

बाजार भरलेला होता. चहाच्या दुकानापुढं, कापडवाल्यापुढं, पानवाल्यापुढं मी थांबलो आणि मोठ्यानं सांगितलं, "या माणसाचा काही दोष नाही. चूक पोलिसांची होती." तो माझ्या बाजूनं मान वर करून चालत होता.

बदलीचा हुकूम आठवड्यात आला. मी मुकाट्यानं ट्रंक भरली, अर्जविनंत्या केल्या नाहीत. त्या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं की निर्दोष माणसाला ठाण्याच्या दारातून सोडलं म्हणजे आपलं काम संपत नाही, त्याची अब्रू जिथं घेतली तिथं नेऊन परत द्यावी लागते. पुढं नोकरीत मी ते आणखी दोनदा केलं. तेव्हा मात्र कोणी सांगायची वाट पाहिली नाही.