न कापलेला अंगठा

मला एका जागी बसवत नाही. शाळेत बाकावरून उठायचे म्हणून छड्या खाल्ल्या, सासरी जेवताना तीनदा उठते म्हणून बोलणी खाल्ली. आणि नोकरी मिळाली ती अशी, की दिवसभर एका टेबलापाशी उभं राहून रबरी हातमोज्यांत हवा कोंडायची आणि ते गालाला लावून बघायचे.

भोसरी एमआयडीसीत एका गल्लीच्या टोकाला आमचं गोदाम आहे. खेडोपाडी वीज पुरवणाऱ्या छोट्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन आमची संस्था काढली. त्यांना लागणाऱ्या तारा, चिनी मातीचे इन्सुलेटर, फ्यूज, ट्रान्सफॉर्मरचं तेल, सगळं आम्ही एकदम खरेदी करतो आणि मागणीपत्रक येईल तसं पाठवतो. दिघीत आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "तुम्ही नक्की कुठं असता हो?" मी "लाइटच्या सामानात" म्हटलं की त्या बल्ब मागतात. आता मी समजावणं सोडून दिलंय.

वायरमनचे हातमोजे म्हणजे कोपरापर्यंत येणारे जाड रबरी मोजे. लाइन बंद केलेली असली तरी कुणाच्या तरी घरच्या जनरेटरमधून उलटा करंट तारेत येतो, आणि मग खांबावरच्या माणसाला ह्या रबराशिवाय दुसरा आधार नसतो. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी संपलं. भोक डोळ्याला दिसत नाही. म्हणून मोजा मनगटाकडून गुंडाळत आणायचा, आत हवा कोंडली की पाचही बोटं फुगतात, मग तो गालाशी धरून दाबायचा. भोक असेल तर गालावर हवेची बारीक रेघ लागते. हाताच्या बोटांना जे कळत नाही ते गालाला कळतं.

जो मोजा नापास होईल त्या जोडाचे अंगठे जागच्या जागी कापायचे, हा आमच्या गोदामातला सगळ्यात कडक नियम. त्यासाठी टेबलाला सुतळीनं कात्री बांधून ठेवली आहे. कारण सरळ आहे. आमच्या पट्ट्यात टाकलेली वस्तू टाकलेली राहत नाही. कुणीतरी पुसूनपासून ती पुन्हा कामाला लावतोच. अंगठा नसलेला मोजा मात्र कुणी घालत नाही. त्यामुळे आमच्याकडे चिठ्ठ्या, शिक्के काही लागत नाहीत. अंगठा शाबूत म्हणजे पास, एवढं सगळ्यांना पाठ.

आठ वर्षांत मी हा नियम एकदा मोडला.

वळवाच्या वाऱ्यानं डोंगराकडच्या आमच्या एका संस्थेचे खांब आडवे केले होते. त्यांचं मागणीपत्रक आलं: इन्सुलेटर, फ्यूज, चाकणहून उचलायची तेलाची पिंपं, आणि हातमोजे बारा जोड. 'कारण' ह्या रकान्यात नेहमीचं लिहिलं होतं, 'मुदत संपली'. हातमोज्यांना मुदत असते आणि सगळ्या संस्था ती संपली की नवे मागवतात. मी हे दोन शब्द इतक्यांदा वाचले होते की ते आता मला दिसतसुद्धा नव्हते.

सकाळी मी मोजे तपासायला घेतले. सातव्या जोडाला करंगळीच्या मुळाशी हवा लागली. कात्रीकडे हात गेला आणि थांबला. घरी सासूबाईंच्या बोटांची सालं निघत होती. बाथरूमच्या फरश्या त्या ॲसिडनं घासतात, कुणाचं ऐकत नाहीत, आणि बाजारातले पातळ मोजे त्यांना आठ दिवस पुरत नाहीत. मनात आलं, करंटला नसेल चालत, पण फरशीला काय धाड भरली आहे? संध्याकाळी पिशवीत टाकून नेऊ. मी जोड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. अंगठ्यासकट.

बाकीचे तपासून झाल्यावर बदली जोड आणायला मी आतल्या खोलीतल्या कपाटाकडे गेले. तिथं आमच्या संस्थेच्या सचिवांनी मला गाठलं आणि तेलाच्या पिंपांच्या गेटपासवरून दहा मिनिटं डोकं खाल्लं. परत आले तर पॅकिंगचं टेबल मोकळं होतं. आमचे पॅकिंगवाले मामा, लातूरकडचे, हाताला लागलेली चिकटपट्टी सोडवत उभे होते.

"मामा, हातमोज्यांचा बॉक्स?"

"गेला की टेम्पोत. बारा भरले, पट्टी मारली."

माझ्या हातात बारावा जोड होता. मी खिडकीकडे पाहिलं. कट्टा रिकामा.

"खिडकीतला जोड घेतला तुम्ही?"

"घेतला की. अकराच होते, मग म्हणलं तुम्ही वारा लागाया ठिवला असंल. अंगठा बघितला ना म्या. होता की अंगठा."

मामांची काय चूक? त्यांनी नियम तंतोतंत पाळला होता.

टेम्पो निघून पाच मिनिटं झाली होती. ड्रायव्हरला फोन लावला, तर त्याचा मोबाइल आमच्याच टेबलावर चार्जिंगला लावलेला वाजायला लागला. तिकडच्या संस्थेच्या ऑफिसात फोन लावला, कुणी उचलेना. तिथल्या वायरमनचा नंबर मागणीपत्रकावर होता, तो लागेना. मी स्कूटरची किल्ली घेतली. सचिव म्हणाले, "कुठं निघालात?"

"एका जोडाचा अंगठा कापायचा राहून गेला. चाकणला टेम्पो गाठते."

राहून गेला! जिभेला हाड नव्हतं माझ्या. खरं सांगितलं असतं तर साहेबांनी काही मला फाशी दिली नसती. पण फरशी घासायला मोजा चोरला, हे आठ वर्षांच्या नोकरीनंतर तोंडातून निघेना. मी हेल्मेट चढवलं आणि सुटले.

मोशीच्या पुढं नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. कंपन्यांच्या बसेस, गाड्या वाहून नेणारे लांबच लांब ट्रेलर, त्यांच्या मधून घुसणाऱ्या आमच्यासारख्या दुचाक्या. एरवी मी ह्या रस्त्यावर शिव्या देते. त्या दिवशी शिव्यासुद्धा सुचेनात. डोक्यात एकच हिशेब चालला होता. टेम्पो तासाभरात तेल उचलणार, दुपारी डोंगराकडे पोचणार. तिथं खांब पडलेत, माणसं घाईत आहेत. बॉक्स फोडतील, हाताला येईल तो जोड घालतील आणि चढतील. नवा मोजा आहे म्हणून कुणीतरी बिनधास्त तारेला हात लावेल. आणि भोक नेमकं करंगळीशी. मला ती करंगळी दिसायला लागली.

चाकणला तेलवाल्यांच्या गेटवर पोचले तर वॉचमन म्हणाला, "आत्ताच गेला की मॅडम टेम्पो. दहा मिनिटं झाली असतील."

तिथून पुढं स्कूटर हाणावी की फोन लावत बसावं, हे मला ठरवता येईना. थोडं पुढं गेले, परत फिरले. पुन्हा निघाले, तर चढाला गाडी आचके द्यायला लागली. शेवटी चाकण चौकाच्या अलीकडं एका चहाच्या टपरीला गाडी लावली आणि फोन लावत सुटले. वायरमन, ऑफिस, वायरमन, ऑफिस. टपरीवाल्यानं न मागता चहा दिला, तो गार झाला. दुसरा दिला, तोही गार झाला. शिफ्ट सुटली, पोरांचे लोंढे आले आणि गेले. मी टपरीच्या बाकापासून रस्त्यापर्यंत फेऱ्या घालत होते. देवाला हात जोडले. इतकी वर्षं आळंदीच्या रस्त्यावरून जाताना घाईत नुसती मान हलवणारी मी, त्या दिवशी एका पाणीपुरीच्या गाडीवरच्या फोटोलाही हात जोडले.

चारच्या सुमाराला फोन वाजला. वायरमन होता.

"ताई, इतके फोन? खांबावर होतो, रेंज नव्हती. काय झालं?"

"दादा, बॉक्स आला का?"

"आला. मघाशी उतरून घेतला."

"उघडला?"

"न्हाई."

"उघडू नका. म्हणजे उघडा, पण घालू नका. कुणालाच घालू देऊ नका. एक जोड फुटका आहे त्यात."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. अगदी मनापासून, थकलेल्या माणसाचं हसणं.

"ताई, घालतंय कोन? कपाटात असत्यात ते. साहेब लोक तपासायला आलं की दाखवायला. मुदत संपली की नवं मागवतो आमी."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडलाच नाही. मी विचारलं, "मग आज सकाळपासून तुम्ही खांबावर काय घालून होता?"

"काय घालायचं? हात हाईत की."

मी त्या चौकात त्या माणसाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. टपरीवाला भांडी विसळायची थांबला. आठ वर्षं मी एकेक जोड गालाला लावला. सर्दीत, तापात, पोटुशी असताना त्या रबराच्या वासानं उलट्या काढत लावला. आणि ते सगळे जोड सगळ्या डोंगरांवर, सगळ्या कपाटांत, शिस्तीत घडी होऊन मुदत संपायची वाट बघत पडले होते. राग वायरमनचा होता की माझाच, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यानं मला मधे तोडलं नाही. माझा दम संपल्यावर म्हणाला, "बोला ताई, काय करू आता?"

मी त्याला बॉक्स फोडायला लावला. फोन स्पीकरवर ठेवायला लावला. मोजा कसा गुंडाळायचा, हवा कशी कोंडायची, गालाशी कसा धरायचा, सगळं सांगितलं. रबराचा करकर आवाज ऐकू येत होता. एक जोड झाला, दोन झाले. नवव्याला करकर मधेच थांबली.

"ताई, लागली. गालाला हवा लागली." त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "एवढुसं भोक. दिसत बी न्हाई."

"दोन्ही अंगठे कापा. आत्ता, मला ऐकू येऊ दे."

त्यानं पकडीनं कापले. ऐकू आले. मग मी त्याला खरं काय ते सांगून टाकलं, सासूबाई, फरशी, ॲसिड, सगळं. साहेबांना जे सांगता आलं नाही ते ह्या न पाहिलेल्या माणसाला सांगताना मला रडू आलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. सापडला न्हवं."

"बाकीचे अकरा घालणार का?"

"खरं सांगू? ह्यात बोटं चालत न्हाईत. घोड्याच्या मापाचे असत्यात. नट धरवत न्हाई. वर लटकल्यावर नट हातातनं सुटला की खाली उतरा, पुन्हा चढा. मग काढून खिशात कोंबायचे, त्यापेक्षा कपाट बरं."

दुसऱ्या दिवशी गोदामात पहिलं काम केलं ते सचिवांना खरं सांगायचं. ते टेबलावरची काच पुसत म्हणाले, "सासूबाईंना चांगले मोजे घेऊन द्या एकदा." दुसरं काम म्हणजे तो उरलेला बदली जोड मी हातात चढवला आणि एक नट बोल्टावर बसवायला गेले. जमिनीवर, पंख्याखाली, दोन्ही पायांवर उभी राहून. तीनदा पडला. मामा वाकून वाकून उचलून देत होते. चौथ्यांदा मीच मोजे काढून फेकले.

मागणीपत्रकाचा नमुना मीच टाइप केलेला होता. त्यात नग होते, मुदत होती, कारण होतं. मापाचा रकाना नव्हता. सगळ्यांना एकच मोठं माप पाठवलं की भानगड नाही, असं आमचं चाललेलं. भोक शोधण्यात मी इतकी पटाईत, पण हात केवढा आहे हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्या वायरमनला फोन केला आणि म्हटलं, कागदावर हात ठेवा, पेन्सिल फिरवा, फोटो पाठवा. संध्याकाळपर्यंत पाच हातांचे फोटो आले. एका हाताला करंगळी अर्धीच होती. ती कशी गेली ते मी विचारलं नाही. त्या त्या मापाचे पाच जोड मागवून पाठवले आणि रकाना वाढवला.

त्यानंतर मी दर सोमवारी त्याला फोन करायचे. "घातले का?" "व्हय ताई." माझा विश्वास बसायचा नाही. माणसं बायकांना आणि साहेबांना सारख्याच सुरात व्हय म्हणतात, हे मी घरी रोज ऐकते. शेवटी फोन करणं बंद केलं, पण दुसरे जोड गालाला लावताना मन तिकडंच असायचं.

दिवाळीनंतर त्यांचं मागणीपत्रक आलं. मी टेबलाशी उभी राहून वाचत होते. फ्यूज, तार, आणि हातमोजे दोन जोड. मापाच्या रकान्यात आकडा. कारणाच्या रकान्यात 'मुदत संपली' नव्हतं. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'वापरून फाटले'.

मी मामांना हाक मारली, कागद दाखवला. मामांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "फाटले तर हसायलाव कशाला, ताई?" मी खरंच हसत होते. आठ वर्षांत एकाही संस्थेनं हे दोन शब्द लिहिले नव्हते.

हसू पुरतं संपलंही नव्हतं तेवढ्यात डोक्यात किडा वळवळला. फाटले, ते कधी? फाटताना हात आत होता की बाहेर? मामांच्या हातातून कागद ओढून घेतला, नंबर लावला. रिंग वाजत होती आणि मी सुतळीला बांधलेली कात्री उगाच उघडझाप करत होते. त्यानं उचलला. मागं वारा होता, म्हणजे वर कुठंतरी होता. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "हात हाईत, ताई. दोन्ही हाईत. थांबा जरा, मोजे घातल्यात, फोन धरवत न्हाई."