घड्याळजी, मेहुणा आणि लंबगोल चाक

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावर बातमी होती की घड्याळजींनी सायकलीपायी बायकोला घराबाहेर काढलं. बातमी पसरवणारा मीच, त्यामुळे दुरुस्तीही मलाच करावी लागतेय. कुणी कुणाला काढलं नव्हतं. सायकल बाहेरच्या खोलीत होती, वहिनी गॅलरीत होत्या, आणि मधलं दार वहिनींनी स्वतःच आपटून लावलं होतं. टायरच्या वासात त्यांना भाजी चिरायची नव्हती, एवढंच.

सायकल पण साधी नाही, फॅट बाइक. टायर माझ्या मांडीएवढे, आणि ज्यांनी माझी मांडी पाहिलीय ते यापुढे काही विचारणार नाहीत. घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान टेकडीवर, घर खाली. मधला चढ सगळा खडीचा, बारीक टायर त्यात रुततात. म्हणून हे रानरेड्यासारखं वाहन. त्यावर बसणारा माणूस मात्र किडकिडीत, पंचावन्नचा, आणि तोंडाने असा फटकळ की गिऱ्हाईक पट्टा बदलायला येतं आणि मन दुखावून जातं. मी एकदा घड्याळ मागे पडतं म्हणून नेलं, तर न उघडताच परत दिलं. म्हणाले, "घड्याळ बरोबर आहे. तुम्ही उशिरा उठता." तेव्हापासून आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं.

या वर्षी त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, चढ बंद. वहिनींनी लगेच निकाल दिला, "सोमवारपासून माझा भाऊ तुम्हाला स्कूटरवरून सोडेल."

हा भाऊ खालच्या चौकात सायकलींचं दुकान चालवतो. भाऊजी आणि मेहुणा सहा वर्षं एकमेकांना पाण्यात पाहतात. मेहुणा एकदा भर जेवणात म्हणाला होता, "आता वेळ मोबाइलवर दिसते. भाऊजींचा धंदा म्हणजे म्हाताऱ्यांची करमणूक." त्याच्याच मागे बसायचं, त्याचाच खांदा धरायचा आणि सगळ्या बाजारादेखत दुकानापुढे उतरायचं. यापेक्षा घड्याळजींना गुडघा गेलेला परवडला असता.

"रविवारी पाय न टेकता चढ चढून दाखवतो," ते म्हणाले. "जमलं तर स्कूटरचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?" वहिनी.

"तर बसेन."

मग त्यांच्या डोक्यात लंबगोल चेनरिंग शिरली. चेनरिंग म्हणजे पॅडलजवळचं, साखळी ओढणारं दातेरी चाक. ते एरवी गोल असतं. लंबगोल बसवलं की पाय जोर लावत असतो तेव्हा चाकाचा मोठा भाग साखळी ओढतो, आणि पॅडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना, जिथे गुडघा रडतो, तिथे लहान भाग येतो. असं घड्याळजी सांगत, आणि न समजलेल्याकडे असं बघत की समजल्यासारखी मान हलवावीच लागे.

ते चाक मिळायचं मात्र मेहुण्याकडेच.

"भाऊजी, गोल घ्या. अख्खं जग गोलावर चालतं."

"जगाचा गुडघा दुखत नाही. लंबगोल दाखव."

"मग हे तीस दात्यांचं. बसेल."

घड्याळजींनी खिशातून पुठ्ठ्याची लंबगोल चकती काढली. घरी सायकलला लावून, मापून कापलेली. तीस दात्यांचं चाक फुगीर बाजूने फ्रेमला घासणार होतं. "अठ्ठावीस," ते म्हणाले.

"पुठ्ठ्यावर एवढा भरवसा?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

शनिवारी संध्याकाळी चाक बसवायचं ठरलं. मी वर्तमानपत्र मागायच्या निमित्ताने हजर. मेहुणाही टपकला, म्हणे बहिणीला भेटायला. घड्याळजींनी चार बोल्ट काढले, जुनं चाक उतरवलं. पॅडलचा दांडा आडवा, पुढे ताणलेला, म्हणजे तबकडीवर तीन वाजतात तिथे. नव्या चाकावर एक खोलगट ठिपका होता. तो त्यांनी बरोबर वर, बाराच्या जागी आणला आणि बोल्ट आवळले. चाकासोबतचा सूचनांचा कागद मी वाचू का विचारलं.

"कागद ज्यांना हात नसतात त्यांच्यासाठी," ते म्हणाले.

मेहुणा वाकून बघत होता. हसला, आणि बहिणीकडे चहा मागितला.

रविवारी वहिनी वर दुकानाच्या पायरीवर बसल्या. शेजारी मेहुणा, स्कूटर पुसून तयार. मी अर्ध्या चढावर, कारण पडले तर तिथेच पडणार होते.

सायकल निघाली ती ठेचकाळत. प्रत्येक फेऱ्याला हिसका. पॅडल वर आलं की गुडघा अडे, खाली जाताना पाय पोकळीत पडल्यासारखा जाई. माझ्यासमोरच त्यांनी पाय टेकला. मेहुणा लगोलग स्कूटर घेऊन उतरला आणि मागची सीट थोपटली.

"बसा, भाऊजी."

घड्याळजी बसले, पण खडीवर. मागचं चाक उचलून धरलं आणि पॅडल हाताने फिरवलं, सावकाश, किल्ली दिल्यासारखं. तीन फेरे. मग म्हणाले, "पाव फेरा चुकला."

ठिपका दांड्याच्या पाठीशी हवा होता. चाळीस वर्षं तबकड्या बसवणाऱ्या हाताला खूण दिसली की ती वर न्यायची एवढंच ठाऊक, त्यामुळे जिथे लहान भाग यायचा तिथे मोठा आला होता. त्यांनी खिशातून बोल्ट फिरवायची ॲलन-की काढली. चार बोल्ट, चाक फिरवलं, साखळी चढवली. हात काळेकुट्ट.

"एकदाच ठरलं होतं," मेहुणा म्हणाला. "ताई, सांग ना त्यांना."

वर वहिनी पायरीवरून उठल्या. तिथूनच ओरडल्या, "जाऊ दे त्यांना. पण पार खालून."

दुसऱ्यांदा काही चमत्कार झाला नाही. तोंड जांभळं, मान लटलटत होती, दोनदा वाटलं की गेले. पण हिसका गेला होता, आणि गुडघा वरच्या वळणावरून कसाबसा का होईना निसटत होता. माझ्यापुढून गेले तेव्हा मला शिवी द्यायचाही दम उरला नव्हता, यावरून चढाची कल्पना यावी. पाय टेकला तो थेट दुकानाच्या पायरीवर. मागोमाग स्कूटरवरून मेहुणा आणि पायी मी.

मेहुण्याला गप्प राहवेना. "मला कालच दिसलं होतं, ठिपका चुकलाय ते. म्हटलं, कारागीर माणूस, आपण कशाला बोला."

वहिनींनी मान वळवून भावाकडे पाहिलं. घड्याळजी शटरला टेकून धापा टाकत होते. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी फडक्याला हात पुसले आणि म्हणाले,

"दिसलं होतं ना? मग ती स्कूटर उद्यापासून दारात आणू नकोस. माझा गुडघा मोडायची वाट बघत चहा पिणाऱ्याच्या मागे मी बसत नसतो, आणि तुझ्या ताईलाही बसू देणार नाही."