टाकीच्या भिंतीवरचं राहिलेलं दार

नातालीन टीचर गेल्या, हे मला त्यांच्या भावजयीनं, मेरीवहिनींनी, सकाळी फोन करून सांगितलं. मी रडले नाही. मला रागच आला, आणि तोही आधी टीचरांचाच. एवढं भांडण अर्धं टाकून कुणी जातं का? पापडीला त्यांच्या घरी पोचले तर अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आत बायका प्रार्थना म्हणत होत्या आणि टीचर आपल्या त्या पांढऱ्या लेसच्या साडीत, कपाळावर एक आठी तशीच ठेवून निजल्या होत्या. ती आठी मला ओळखीची होती. कुणी रेघ मारायला पट्टी घेतली की पडायची. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "टीचर, मी बघते." काय बघणार होते, ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यानंतर काही आठवडे गेले आणि दुसरा फोन आला. आमच्या भागातल्या एका नेत्याचा माणूस. भाऊ म्हणतात त्यांना सगळे. मी कुकर लावत होते. "मॅडम, टाकीच्या भिंतीवर टीचरांच्या नावाची पाटी बसवतोय, रविवारी, भाऊंच्या हस्ते. तुम्ही मराठीच्या शिक्षिका, त्यांच्या एवढ्या जवळच्या, तर चार छान ओळी लिहून द्या ना. त्यांचं स्वप्न साकार झालं वगैरे." त्या वगैरेवर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, देते लिहून. त्याला बिचाऱ्याला वाटलं काम झालं. हे जे तुम्ही वाचताय ना, ते त्या चार ओळी.

टीचर आणि मी वसईतल्या एका शाळेत कितीतरी वर्षं एकत्र होतो. त्या चित्रकलेच्या, मी मराठीची. मी सावंतवाडीकडची, लग्न करून इकडे आलेली. त्या पापडीच्या, जन्मापासून त्याच घरात, त्याच चिकूच्या झाडाखाली. नाताळात जन्मल्या म्हणून नातालीन. लग्न केलं नाही, भावाच्या कुटुंबात राहिल्या आणि तिथल्या सगळ्यांवर हुकूम चालवला. भावजयीशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागल्या की मी नुसती तोंडाकडे बघत बसायची, मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणायच्या, "घाबरू नका बाई, तुम्हाला जेवायलाच वाढायचं चाललंय." त्यांच्या पर्समध्ये कायम एक स्टीलचा चमचा असायचा. त्याच्या दांड्यानं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायचं आणि त्याच चमच्यानं दुपारी डबा खायचा. मी किती ओरडले असेन त्यावरून. "पोटात रंग गेला तर माणूस आतून तरी रंगीत होईल," हे त्यांचं उत्तर.

मी राहते ती वसाहत पूर्वेला, एव्हरशाईन सिटीच्याही पलीकडे. निवृत्त झाल्यावर टीचर एकदा माझ्याकडे आल्या आणि रिक्षातून उतरल्या त्या थेट समोरच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. लांबच लांब भिंत. पानाच्या पिचकाऱ्या, क्लासच्या जाहिराती, मूळव्याधीचा दवाखाना, खाली कचरा. आम्ही रोज तिच्यावरून जायचो आणि बघायचो नाही. टीचर चहा पिताना म्हणाल्या, "इथं सगळे कुठून कुठून आलेत ना? प्रत्येकानं घर सोडलंय. सोडलेल्या घराचं दार काढायचं या भिंतीवर. ज्याचं त्यानं." मी म्हटलं, आणि रंगाचे पैसे कोण देणार, तुमचा काका? त्या माझ्या पोटमाळ्याकडे बघत होत्या. तिथं आमचं घर रंगवल्यानंतर उरलेला डबा पडला होता, तळाशी थोडा पिवळा राहिलेला, वर साय धरलेला. प्रत्येक घरात असा एक डबा असतो. फेकवत नाही आणि कामालाही येत नाही. टीचरांनी चमचा काढला, माझ्याच स्वयंपाकघरात बसून साय बाजूला केली, ढवळलं आणि म्हणाल्या, "हा बघा निधी."

मग आम्ही दोघी जिने चढलो. लोकांना आधी वाटलं, या बाया भंगार गोळा करतात. पण डबे निघाले. कुणाच्या बेडरूमचा, कुणाच्या देवघराचा, कुणाच्या ग्रिलचा. तिसऱ्या मजल्यावरच्या शेखकाकींकडे पुदिन्याच्या चटणीसारखा हिरवा निघाला, मुलीच्या लग्नाच्या वेळचा. त्यांनी त्यात मालेगावच्या घराचं दार काढलं आणि दोन दिवस कुणाला जवळ येऊ दिलं नाही. भिंतीला एक मजा आली ती त्यामुळे. बाजारातून पिशवी घेऊन येणारी बाई थांबायची आणि म्हणायची, हा आमच्या हॉलचा रंग. मी माझ्या पिवळ्यात सावंतवाडीचं दार काढलं. वाकडंच आलं. टीचरांनी चौकट सुधारली नाही, त्या कुणाचंच सुधारत नसत. फक्त म्हणाल्या, "बाई, कडी राहिली. चोर येतील." मी म्हटलं, येऊ देत, न्यायला आहे काय? त्यानंतर भिंतीपुढून जाताना दर वेळी त्यांचं ते ठरलेलं वाक्य. कडी राहिली, चोर येतील.

नाव कुणाचंच लिहायचं नाही, हा त्यांचा एकच कडक नियम. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना तो पटेना, निदान सोसायटीचं तरी असू दे म्हणाले. टीचरांनी त्यांना आपल्या आळीतली रीत सांगितली. मे महिन्यात आळीच्या क्रूसासमोर संध्याकाळी सगळे जमून लदीन म्हणतात, म्हणजे प्रार्थना. ती झाली की उकडलेले चणे वाटतात. रोज वेगळ्या घरचे. "आज चणे कुणाचे, हे कुणी ओरडून सांगत नाही. खायचे, हात पुसायचे, घरी जायचं. सांगितलं तर चणे गोड लागतील का?" भिंतीच्या टोकाला टीचरांनी एक दाराएवढा तुकडा कोरा ठेवला होता, नुसता चुना मारून. जो अजून राहायला आलेला नाही त्याच्यासाठी. मी विचारलं, तुमचं दार कुठंय? तर हसून म्हणाल्या, "मी कुठं घर सोडलंय बाई? मी तर पापडीचीच. मला या भिंतीवर हक्क नाही."

भिंत जुनी, टाकी झिरपणारी. काही पावसाळ्यांत गिलावा फुगला, दारं सोलायला लागली. रंग आमच्याकडे होता, पण गिलाव्याला सिमेंट लागतं, गवंडी लागतो, ते पोटमाळ्यावर सापडत नाही. म्हणून आम्ही एका कचेरीत गेलो, जिथं वस्त्यांमधल्या कलेसाठी, लोकसहभागातून वगैरे, निधी मिळतो असं ऐकलं होतं. कचेरीचं नाव मी घेत नाही. घेतलं तर त्याचीही पाटी करतील. तिथल्या साहेबांनी विचारलं, संस्था नोंदणीकृत आहे का? नाही. अध्यक्ष कोण? कुणी नाही. मग रंगासाठी तीन दुकानांची दरपत्रकं आणा. टीचर म्हणाल्या, रंग लोकांच्या घरून येतो, आम्हाला फक्त गिलावा हवा. साहेब म्हणाले, "असं कसं मॅडम? रंग विकत घेतल्याशिवाय प्रकल्प कसा होईल?" आणि विषय काय, तर दारं? त्यातून समाजाला संदेश काय जातो? स्वच्छता घ्या, पर्यावरण घ्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात टीचरांनी टेबलाखालून माझा हात दाबला. लोकसहभाग हा शब्द त्या साहेबांच्या मागच्या भिंतीवर केवढ्या तरी अक्षरांत लिहिलेला होता. खाली लोक खुर्चीसुद्धा न मिळता उभे.

आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा गेलो, दर वेळी एक नवा कागद निघायचा. माझ्या तोंडून शेवटी जे निघालं ते इथं छापता येणार नाही. टीचर मात्र तिथल्या शिपायाला त्याच्या गावच्या दाराबद्दल विचारत बसायच्या. तोवर त्यांचं दुखणं निघालं होतं, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्याचाही मला राग आहे, पण तो माझा मी बघीन.

आणि मग एका सकाळी खिडकी उघडली तर भिंतीला बांबू लागलेले. निधी आला होता. आम्हाला नाही, भाऊंच्या ओळखीच्या एका ठेकेदाराला. त्याच्या पोरांकडे कापलेले साचे होते. तेच साचे लावून ते गावभर फिरत होते. त्यांनी आमच्या दारांवरून एक फिकट निळा हात मारला आणि वर फ्लेमिंगो काढले. मध्ये दोन मोठे पंख, लोकांनी उभं राहून फोटो काढायला. गिलावा? ज्याच्यासाठी आम्ही चपला झिजवल्या, तो गिलावा त्यांनी केलाच नाही. फुगलेल्या, ओल्या भिंतीवर थेट रंग. मी खाली धावले, विचारलं, कुणाला विचारून? मुकादम म्हणाला, "काकी, सुशोभीकरण आहे, खराब चित्रं होती, काढून टाकली." खराब. शेखकाकी जिन्यातच बसल्या. भिंतीच्या टोकाचा तेवढा कोरा तुकडा त्यांनी सोडला होता. मला वाटलं, कुणाला तरी लाज वाटली असेल. छे. ती भाऊंच्या उद्घाटनाच्या पाटीची जागा होती.

टीचरांना मी सांगणार नव्हते, पण त्यांना कळलंच. औषधांनी हात काळे पडले होते, तरी आल्या, पापडीहून रिक्षानं, मला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी तळवा भिंतीवर ठेवला आणि हळूहळू पुढे चालायला लागल्या. नव्या रंगाखाली जुन्या दारांच्या कडा हाताला लागत होत्या. "हे शेखबाईंचं... ही त्या साताऱ्याच्या सुनेची चौकट... हे तुमचं, बिनकडीचं." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हटलं होतं ना, चोर येतील." त्यानंतर त्या परत भिंतीकडे आल्या नाहीत.

साहेबांना आणि भाऊंना मला काही गोष्टी विचारायच्या आहेत आणि त्या पाटीवर मावत नाहीत म्हणून मी इथं विचारते. ज्या भिंतीवर आधीच अख्खी वस्ती हात लावून गेलीय, तिला मदत करायला तुमचे नियम आडवे येतात आणि ज्यानं वस्तीत पाय ठेवलेला नाही त्याच्यासाठी तेच नियम बाजूला सरकतात, हे कसं? वस्तीतल्या कलेला पैसे द्यायचे तर द्यावेत आणि बाजूला व्हावं. गवंडी पाठवा, सिमेंट पाठवा, वाटलं तर चहा प्यायला या. पण तुम्हाला चित्र नको असतं, चित्राखालची जागा हवी असते. बाई जिवंत असताना तिला कागदांसाठी फिरवलं, तिची भिंत पुसली, आणि आता ती मेल्यावर म्हणताय तिचं स्वप्न साकार झालं. तिचं स्वप्न फ्लेमिंगोचं नव्हतं हो. मला तर वाटतं, माणूस गेल्यावर त्याचं नाव घेणं सोपं जातं तुम्हाला, कारण ते नाव परत बोलत नाही.

टीचरांच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी पापडीला गेले. जेवणं झाल्यावर मेरीवहिनींनी मला टीचरांची खोली दाखवली. पलंग, क्रूस, खिडकीशी टेबल, टेबलावर पर्स. वहिनींनी त्यातला चमचा काढून माझ्या हातात दिला. "तुम्हीच ठेवा. आमच्यात याच्यानं कोण जेवणार?" मग पडवीत जाऊन एक डबा घेऊन आल्या. नाताळाच्या आधी घराचं पुढचं दार रंगवलं होतं, त्यातला उरलेला. गडद निळा. म्हणाल्या, "दर वर्षी हाच रंग लागायचा टीचरना. हा डबा आता आम्ही काय करू?" मी डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि तेव्हा, अंबाडी रोडच्या गर्दीत, मला रडू आलं. मग बराच वेळ आवरेना.

काल दुपारी मी चमचा आणि डबा घेऊन खाली उतरले. शेखकाकींना सांगितलं नव्हतं, पण त्या आधीच तिथं होत्या, हातात त्यांचा हिरवा. मागून आणखी बाया आल्या, सेक्रेटरीही आले, पायजम्यावर. उन्हाळा-पावसाळा खाऊन फ्लेमिंगोंची पोटं आत्ताच सुटायला लागलीयत आणि आतून कुणाकुणाच्या हॉलचे रंग दिसतायत, त्यांना आम्ही हातही लावला नाही, ते आपोआप निघतील. आम्ही टोकाच्या कोऱ्या तुकड्यापुढे उभे राहिलो. जो अजून आलेला नाही त्याच्यासाठीची जागा. टीचर, तुम्ही म्हणायचात तुम्हाला हक्क नाही, तुम्ही घर सोडलेलं नाही. आता सोडलंत ना?

मी चमच्याच्या दांड्यानं झाकण उचकटलं, साय बाजूला केली. पापडीचं दार काढलं, दोन फळ्यांचं, वर चिकूची फांदी, जशी मला येते तशी, वाकडी. नाव लिहिलं नाही. कडी मात्र मी सगळ्यात आधी काढली.

तर भाऊ, तुमच्या चार ओळी झाल्या. रविवारी पाटी घेऊन जरूर या, फक्त कपडे सांभाळा. ऑइलपेंट आहे, आमच्या दमट हवेत लवकर वाळत नाही आणि दार अजून ओलं आहे.