लायलची गाडी आणि मेविसच्या कोंबड्या

लायल ट्रेलोरने आयुष्यात एकदाही गाडी गॅरेजात नेली नव्हती, आणि त्याची गाडी वाटेत न थांबता गावात पोचल्याचं अलीकडे कुणाला आठवत नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीतरी संबंध असावा, असं बुलारा गावातल्या सगळ्यांना वाटायचं. लायलला सोडून.

गाडी म्हणजे त्याची जुनी यूट. पुढे दोघांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा. त्यात कुंपणाची तार, एखादी आजारी मेंढी आणि कायमचा कुत्रा. तिचा मूळ रंग हिरवा होता असं त्याची बायको मेविस शपथेवर सांगायची. पण तीन वर्षं पाऊस नव्हता. तेव्हा यूट, कुत्रा आणि लायल, तिघेही आता तांबड्या मातीच्या एकाच रंगाचे झाले होते.

शेतावर ही गाडी अगदी गुणाची. दिवसभर मेंढ्यांमागे पळवा, तक्रार नाही. पण डांबरी रस्त्याला लागून गव्हाच्या कोठारापर्यंत गेली, की तिला आधी उचकी लागायची, मग खोकला, आणि मग ती जी डोळे मिटायची ते मिटायचीच. लायल शांतपणे उतरायचा. पेट्रोलचा काटा केव्हाच मेलेला. त्यामुळे पहिलं काम म्हणजे टाकीचं झाकण उघडून आत बाभळीची काडी बुडवायची. काडी ओली निघाली, म्हणजे पेट्रोल आहे. मग बॉनेट वर. ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, त्यांच्यातली फट काडेपेटीच्या पुठ्ठ्याने मोजायची, प्लग मेविसच्या जुन्या टूथब्रशने साफ करायचे (तो जुना झालाय हे लायल ठरवायचा) आणि कार्ब्युरेटरची नळी तोंडाने फुंकायची. मग तोंडातलं पेट्रोल थुंकून म्हणायचं, "सापडलं!"

गाडी सुरू व्हायची. म्हणजे सापडलंच असणार. पुढच्या खेपेला कोठारापाशी पुन्हा सापडायचं.

असं करता करता त्याने कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, वायरी बदलल्या. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फाटका पडदा तर त्याने मेविसच्या रेनकोटमधून कापून काढला. "तसाही तू तो कुठे घालतेस?" असं विचारायचीही त्याची तयारी होती. मेविस त्या वेळी कोंबड्या मोजत होती. रात्री कोल्हा येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता तिने विषय काढला.

"लायल, तुझ्या गाडीच्या केबिनच्या काचा नीट वर जातात ना?"

"अगदी घट्ट. का गं?"

"कोल्ह्याला काच खाली करता येत नाही, म्हणून विचारलं."

लायलने कप खाली ठेवला. "खुराडं? माझ्या गाडीचं?"

"आत दोन फळ्या टाकल्या की बसायची सोय झाली. स्टीअरिंगवर कोंबडा बसेल. तोही तुझ्याइतकाच पुढे जाईल."

"मेव, आता सगळं नवं आहे तिच्यात. बिघडायला काही उरलेलंच नाही!"

"मग शनिवारी गावातल्या शेती प्रदर्शनाला तिच्यातूनच जाऊ. वाटेत एकदा जरी थांबली, तरी कोंबड्यांची."

लायलने हात पुढे केला. मेविसने ओला हात ॲप्रनला पुसून त्याच्या हातात दिला. ट्रेलोरांच्या घरात एवढं झालं, की मग मागे फिरणं नाही.

शनिवारी मेविस नवी टोपी घालून बसली. जर्दाळूच्या मुरवलेल्या फोडींच्या बरण्या दरवर्षी ती प्रदर्शनात ठेवायची. त्यांचं खोकं मांडीवर. लायलने दाढी केली होती, आणि गाडी पुसून जिथे जिथे हिरवा रंग उरला होता तिथे तो दिसेल असं केलं होतं. फाट्यापर्यंत तो शीळ घालत होता. डांबरी रस्त्याला लागल्यावर शीळ बारीक झाली. कोठार दिसलं तशी थांबली. आणि मग उचकी लागली.

"वारा आहे," लायल म्हणाला.

मग खोकला.

"समोरून वारा आहे, मेव."

गाडी कोठाराच्या सावलीत जाऊन निमूट उभी राहिली. कुत्रा सवयीने खाली उतरला आणि आपल्या ठरलेल्या झुडपाकडे गेला.

तेवढ्यात मागून शेजारचा ओटो लिंडनर आला. त्याने काच खाली केली. "काय लायल, ही जागा विकत घेतलीस की काय? कधीही यावं तर तू इथेच!"

"पुढे हो, ओटो," लायल म्हणाला.

"मेविस, येतेस का? माझी गाडी पोचते बरं."

"नको. मला निकाल माझ्या डोळ्यांनी बघायचाय," मेविस म्हणाली. ओटो हसत निघून गेला.

लायल उतरला, पण बॉनेटकडे गेलाच नाही. आता कशाला? नुसत्या सवयीने त्याने सीटमागची काडी घेतली आणि टाकीचं झाकण फिरवलं. काडी बुडवली. ओली. मग तो तसाच चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला.

"एक सांगतो," तो म्हणाला. "उन्हाळ्यात केबिन तापते. डावीकडची काच बोटभर उघडी ठेव. कोंबड्या गुदमरतील नाहीतर."

मेविसचं लक्ष दुसरीकडेच होतं. झाकण फिरवताना एक आवाज झाला होता. फुस्स. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पार ओळखीचा. तिने मांडीवरच्या बरण्यांकडे पाहिलं. हवा काढून बंद केलेली बरणी उघडताना झाकण अगदी हेच म्हणतं.

ती गप्प राहिली असती तर खुराडं तिचंच होतं. पक्कं, काचेच्या खिडक्यांचं, आजूबाजूच्या पाच शेतांवर नसेल असं. तिने समोर पाहिलं. लायल रुमालाने हेडलाइट पुसत होता. आता बंद पडलेल्या गाडीचा हेडलाइट कुणी पुसतं का?

"लायल," ती वैतागून म्हणाली, "ते झाकण पुन्हा लाव आणि काढ."

त्याने लावलं, काढलं. "आता आवाज आला नाही."

"येणारच नाही. माझी बरणीसुद्धा एकदाच फुसकारते. त्या टाकीत हवा कुठून जाते?"

लायलची मान ताठ झाली. "हवा? कण जाणार नाही! धुळीच्या वादळांत पेट्रोलमध्ये माती जायची म्हणून मीच बंदोबस्त केलाय. ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, दुहेरी! आणि त्या झाकणाला तर मधोमध भोक होतं, मेव. कारखान्यातून तसंच आलेलं. निष्काळजी लोक! मी डाख देऊन बुजवलं ते."

तो थांबला. झाकणाकडे बघत राहिला.

"भोक होतं," मेविस म्हणाली.

"होतं."

"मग इंजिन पेट्रोल ओढणार आणि त्या जागी आत हवा जाणार नाही. सरबताच्या बाटलीच्या तोंडाला तोंड घट्ट लावून पी बघू किती येतं ते."

"पण शेतावर तर चालते!"

"शेतावर तू प्रत्येक फाटकापाशी उतरतोस आणि झाकण उघडून काडी बुडवतोस."

लायल गाडीच्या पायरीवर बसला. कॉइल, कंडेन्सर, वायरी, रेनकोट. ओठ हलवत तो एकेक खर्च आठवत होता. मग उठला, झाकण नुसतं टेकवलं, वरून रुमाल बांधला आणि कुत्र्याला हाक मारली.

कोठार मागे गेलं. खारी तळी गेली. कोठारानंतर ज्या वळणावर ही गाडी हमखास दुसऱ्यांदा थांबायची ते वळणही गेलं. लायल शीळ घालत नव्हता. श्वाससुद्धा जपून घेत होता.

"हरलो ते हरलोच," शेवटी तो म्हणाला. "थांबली होती ती."

"हो. थांबली होती."

"सोमवारी फळ्या टाकतो."

मेविसने टोपी नीट केली. "पेट्रोलच्या वासात माझ्या कोंबड्या अंडी घालणार नाहीत. नवं खुराडं हवं. लाकडी."

लायलचा चेहरा उजळला. "बांधतो की! माझ्याकडे पत्रा आहे, जुनी ट्यूब आहे—"

"सुतार बांधेल."

"मी निदान खिळे धरतो."

"खिळेही नाहीत."

प्रदर्शनाच्या मैदानावर लायलने गाडी उभी केली आणि काही कारण नसताना बॉनेट उघडलं. बुलाराच्या पुरुषांना उघडं बॉनेट दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. मेविस बरण्या ठेवून चहा घेऊन परत येईपर्यंत आठ-दहा जण चारी बाजूंनी आत वाकले होते.

"टाकीचं झाकण होतं. मेवने शोधलं," लायल प्रामाणिकपणे सांगत होता.

"कसलं झाकण! पॉइंट आहेत तुझे," ओटो म्हणाला. "थांब, मी काढून दाखवतो."

"छे, टायमिंग," दुसरा म्हणाला. "ते जरा फिरवलं, की—"

तिसऱ्याने खिशातून पाना काढलासुद्धा. लायल एकेकाकडे बघत होता, आणि कोठारापाशी त्याच्या डोळ्यांतून गेलेली चमक तिथे हळूहळू परत येत होती. त्याचा हात पॉलिश पेपरच्या खिशाकडे चालला होता.

मेविसने चहाचा कप चाकावरच्या पत्र्यावर ठेवला आणि गर्दीत कोपर घातलं.

"ओटो, हात काढ. तूही. पाना खिशात घाल. चालतेय ती."

आणि सगळ्यांची बोटं बाहेर आलीत याची खात्री करून तिने बॉनेट धाडकन बंद केलं आणि त्यावर टेकून चहा प्यायला लागली.