नदीकाठी ठेवलेले खडे

मला काम कुणी सांगावं लागत नाही, दिसलं की मी हात घालते. आमच्या गावात, वरकुट्यात, याचं कौतुकच झालं. परदेशात मात्र एकदा अंगाशी आलं.

नव्वदनंतरची गोष्ट. बारामतीच्या कॉलेजात शिकलेली माझी लेक युरोपात नोकरीला होती. तिच्याकडं गेले, तर एका सकाळी तिनं मला नदीकाठच्या स्मारकाला नेलं. महायुद्धात नाझींच्या माणसांनी ज्यू लोकांना, बायका-पोरांसकट, याच काठावर उभं करून गोळ्या घातल्या, म्हणाली. स्मारक म्हणजे नावं कोरलेला लांबट दगड, आणि त्यावर ओळीनं मांडलेले खडे.

लेक पाटी वाचत पुढं गेली. मी मनात म्हणलं, अगं बाई, यांचे जीवखडे राहिले की! आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावानं खडा ठेवतात, दहाव्याला पाण्यात सोडतात, तेव्हा जीव मोकळा होतो. नरसिंहपूरच्या संगमावर आमच्या मालकांचा सोडला तेव्हा मी उभी होते. इथं तर नदी चार पावलांवर, आणि पन्नास वर्षं कुणी सोडले नाहीत? नऊ खडे पदरात घेतले, हात जोडले आणि एकेक करून सोडले.

मागनं एक म्हातारी ओरडली. लेक पळतच आली.

"आई, काय केलंस हे! आपण फुलं वाहतो, तसा हे लोक खडा ठेवतात. तिनं आत्ताच ठेवला होता. चल, मी सॉरी म्हणते."

"नुसतं सॉरी न्हाय. का केलं, ते सगळं सांग तिला."

लेकीनं सांगितलं. म्हातारी पाण्याकडं बघत सावकाश बोलली. ते लेकीनं मला मराठीत सांगितलं.

"तिची बहीण होती, आई. तिला मारून नदीतच टाकलं. जमिनीवर तिच्या नावाचा तेवढा खडाच होता, म्हणते."

मी पदर खोचला आणि काठाच्या पायऱ्या उतरायला लागले.

"आई, गुडघे!"

"असू देत. नऊ होते, नऊ आणते."

म्हातारी माझ्यामागं उतरली. माझं कोपर धरून उभी राहिली. पाण्याच्या कडेचे आठ खडे वेचले, नवव्याला थांबले.

"विचार तिला, बहिणीसाठी कुठला घेऊ?"

"तूच निवड म्हणते."

एक गोल, पांढरा निवडला. ओला होता. तसा द्यायला मन होईना. पदरानं कोरडा होईपर्यंत पुसला, मगच तिच्या हातात ठेवला.