कडी न लावलेलं दार

कुंदामावशी गेल्याचं मला हेमीअंकलनी सांगितलं. हेमीअंकल म्हणजे आमच्या समोर राहणारे माओरी आजोबा, रिटायर्ड बस ड्रायव्हर. मी ऑफिसात होतो. फोनवर म्हणाले, "रोजच्यासारखा सकाळी चहाला गेलो, तर झोपेतच..." मग म्हणाले, "दार उघडंच होतं." खरं तर मला रडू यायला हवं होतं, पण आधी हसूच फुटलं. त्या उघड्या दारासाठी म्हातारी केवढी भांडली होती, आणि जिंकूनच गेली की.

मी बार्शीचा पोरगा. न्यूझीलंडात, ऑकलंडच्या हिल्सबरो भागात मावशीच्या घरात खालच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी म्हणतोस ना, मग तू म्हण. तुम्ही म्हणालास तर भाडं वाढवीन." मला लोकांच्या नकला करायची खोड आहे. आठवडाभरात मी तिचीच नक्कल तिला करून दाखवली. तिनं शांतपणे बघितली आणि म्हणाली, "चांगली आहे. पण मी नाक असं नाही ओढत, जास्त जोरात ओढते." तेव्हापासून मी 'नकल्या'.

मावशी मूळची सांगलीची नर्स. कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, विमानाशिवाय जाता येत नाही अशा एका खेड्यात तिनं दवाखाना सांभाळला, मग इकडे आली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "बाई गं, काय थंडी" म्हणालं की हिची गाडी सुरू. "थंडी? उणे चाळीसला नाकातले केस कडकड वाजतात. परकर दोरीवर टाकला की पुठ्ठा, उभाच राहतो. गाडीला रात्रभर वायर लावायची, तू फोनला लावतोस तशी, नाहीतर सकाळी इंजिनचा दगड. पण घरात? घरात मी सुती साडीत फिरायची. आणि तुमच्या या ऑकलंडात घरात बसून दोन स्वेटर. बाहेर कमी थंडी आहे, चला अंगणात जेवू." हे सगळं नाक ओढत. मी मागे बसून ओठ हलवायचो, सगळं पाठ होतं.

एक गोष्ट मात्र ती नाक न ओढता सांगायची. तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात दवाखान्यातून घरी निघाली आणि बर्फाचं वादळ आलं. स्वतःचा हात दिसेना, घर कुठलं दिसायला... भिंत लागली म्हणून चाचपडत गेली, दार लागलं, ढकललं, उघडलं. आत अनोळखी माणसं जेवत होती. "कोण तू, असं कुणी विचारलंच नाही रे. म्हातारीनं बूड सरकवून जागा केली आणि सूपचा वाडगा पुढे ढकलला. बस." तिकडे थंडीत दाराला कडी लावत नाहीत आणि दार वाजवतही नाहीत. म्हणून हिल्सबरोतही मावशी कडी लावायची नाही. पोर्चमधल्या खुंटीवर तिचा तिकडचा जाडजूड, फरच्या टोपीचा कोट कायम लटकलेला, "कुणाला लागला तर."

मेघनाताईला, म्हणजे टौरंगा शहरात राहणाऱ्या तिच्या लेकीला, हे बिलकुल पटत नव्हतं. "आई, एकटी राहतेस. कुलूप लाव, नाहीतर टौरंगाला चल." शेवटी मावशीनं पैज लावली. "या हिवाळ्यात घरातून चमचा जरी गेला तर घर विकून तुझ्याकडे येते. नाही गेला तर पुन्हा विषय काढायचा नाही."

जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मेघनाताई नवं डिजिटल लॉक डब्यात घेऊनच आली. आम्ही तिघं किराणा आणायला गेलो आणि परत येऊन बघतो तर पोर्चमध्ये ओली पावलं. खुंटी रिकामी. कोट गायब.

"झालं," मेघनाताई म्हणाली. "आई, बॅग कुठली घेऊ?"

मावशी हळूहळू ओट्यापाशी गेली. तिथे एक कप विसळून पालथा घातलेला. "चोर कप विसळतो होय गं?"

"कोट गेलाय ना? मग?"

तेवढ्यात न वाजवताच दार उघडलं. हेमीअंकल. अंगात मावशीचा कोट, खाली पोहायची चड्डी, उघडे गुडघे, पायात जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला भाजका मासा. "किया ओरा," असा माओरी नमस्कार केला, जणू रोजच असं येतात.

हा बाबा भर हिवाळ्यात समुद्रात पोहायला जातो. परत आला तर घराची किल्ली बायकोकडे आणि बायको नातीकडे, लांब मनुरेवा भागात. अंग ओलं, वर दक्षिण ध्रुवाकडून येणारा बोचरा वारा, बोटं इतकी थरथरत होती की फोन लावता येईना. "तुझ्या आईनंच सांगितलंय," ते मेघनाताईला म्हणाले, "थंडीत वाजवायचं नाही, आत यायचं. बायको येईपर्यंत इथेच शेकलो. मग कोट घालूनच घरी गेलो, तिनं मासा दिला, तो घेऊन तसाच कोट द्यायला आलोय."

मावशीनं त्यांची बोटं धरली, नखं दाबून बघितली. "हं. रंग आलाय. अजून थोडा वेळ बाहेर राहिला असतास ना, तर पोहणं कायमचं सुटलं असतं." मग लेकीकडे वळली आणि नाक ओढलं, जोरात. "घरातलं काही गेलं का गं? उलट मासा आला."

मेघनाताई आधी रागानं बघत होती, मग त्या उघड्या गुडघ्यांकडे बघून तिला हसू आवरेना. लॉकचा डबा न फोडताच परत गेला. संध्याकाळपर्यंत मावशीनं अर्ध्या ऑकलंडला फोन करून सांगितलं होतं, "जिंकले."

परवा पाऊस आणि वारा एकदम सुटला. कामावरून आलो तो भिजून, दातावर दात आपटत. खाली माझ्या खोलीत जायचं सोडून पाय सवयीनं जिना चढले आणि मी दार ढकललं. ढकलल्यावर आठवलं... आता कोण असणार, बंदच असेल.

उघडलं. खुंटीवर कोट होता. आत मेघनाताई, घर आवरायला आलेली, एकटीच जेवत होती. तिनं वर बघितलं नाही, काही विचारलंही नाही. खुर्ची थोडी सरकवली आणि आमटीची वाटी माझ्याकडे ढकलली.