वस्तादांचं उरलेलं वाक्य

वस्ताद रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. माझा वर जातो, त्यामुळे ते रागावलेत हे मला बरेच दिवस कळायचंच नाही. दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या तळघरात, जनरेटरच्या खोलीशेजारी, निळ्या गाद्या टाकून ते मुलांना ज्यूदो शिकवायचे. मूळचे कोल्हापूरकडचे, निमलष्करी दलातून निवृत्त झालेले, अंगाने आडवे, सोसायटीतच एकटे राहणारे. एखादं पोर चेकाळलं की ते इतकं हळू बोलायचे, की ऐकण्यासाठी सगळा वर्ग गप्प व्हायचा.

पहिले दोन महिने ते डाव शिकवायचेच नाहीत. पडायचं कसं आणि सोडायचं कसं, एवढंच. हात अडकला आणि आता निघत नाही असं दिसलं, की अडकलेल्याने दोनदा थाप मारायची. थाप पडली की समोरच्याने पकड सोडायची, त्याच क्षणी. माझी सई तेव्हा चौदा वर्षांची होती. आठवडाभर ती नुसत्या थापा मारून परत यायला लागली तेव्हा मी तणतणत खाली गेले. "वस्ताद, हिला काही शिकवताय की नाही?"

"ताई, हात पिरगाळायला कुणीही शिकवील," ते म्हणाले. "पोरगी आपला हात दुसऱ्याच्या ताब्यात देते. तो शाबूत परत मिळणार, एवढी खात्री आधी पाहिजे. ती नसली तर मग ही नुसती मारामारी."

दोन वर्षांनी टीव्हीवर तो कार्यक्रम सुरू झाला. धूर, ढोल, किंचाळणारा निवेदक, आणि कुणी कराटे, कुणी कुस्ती, कुणी ज्यूदो शिकलेली पोरं एकमेकांवर सोडलेली. लाल दिवा लागेपर्यंत पकड सोडायची नाही, असा त्यांचा नियम. थाप पडली तरी कॅमेरा आधी चेहऱ्यावर जायचा, कळवळणं मनसोक्त दाखवायचा, मग दिवा. आम्ही पोळीभाजी खात ते बघायचो, ही आमचीही लायकी.

वस्ताद रविवारी आमच्याकडे यायचे आणि उभ्यानेच बघायचे. कधी त्यांच्याबरोबर करोल बागेत कराटे शिकवणारे त्यांचे मित्र, एक सरदारजी, असायचे. सरदारजींचं मत सरळ होतं. "शो घटिया है, मानता हूँ. पर मेरे यहाँ बच्चों की लाइन लगी है. मैं क्यों बोलूँ?" वस्तादांच्या ओळखीचे बाकीचे शिकवणारेही असेच. आपसात कार्यक्रमाला शिव्या, बाहेर मिठाची गुळणी. आयुष्यभर पोरांना धीट व्हा म्हणून सांगणारी ही माणसं एका वाहिनीपुढे शेपूट घालून बसली होती. मला त्यांची चीड आली, अजूनही येते.

मग वाहिनीवाल्यांचा वस्तादांना फोन आला. ज्येष्ठ प्रशिक्षकांची मतं दाखवायची आहेत म्हणे. वस्ताद नको म्हणत होते. मीच म्हटलं, "माझ्या घरात बोलून काय उपयोग? त्यांच्या तोंडावर सांगा." मीच गाडी काढली आणि त्यांना नोएडाच्या स्टुडिओत नेलं. वीसेक मिनिटं ते बोलले. मी समोरच होते, म्हणून शेवटचं वाक्य मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. "बच्चों की हिम्मत बहुत बड़ी है, लेकिन थाप पड़ने पर भी जो न छोड़े वो खिलाड़ी नहीं, और उसके लिए ताली बजाने वाले उससे भी बुरे."

रविवारी दाखवलं ते एवढंच: "बच्चों की हिम्मत बहुत बड़ी है." मागे टाळ्या आणि उडणारे चमचमते कागद. वस्ताद तसेच खाली निघून गेले. मी वाहिनीला तीन फोन केले. तिसऱ्या वेळी एका मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, "मॅम, हमने पॉझिटिव्ह पार्ट रखा है."

त्याच आठवड्यात सरावात कार्तिकने सईचा हात पकडला. सोळा-सतराचा मुलगा, वस्तादांचा लाडका. सईने थाप मारली. पुन्हा मारली. त्याने सोडलं नाही. वस्ताद गादीच्या दुसऱ्या टोकाला होते, ते धावत पोहोचेपर्यंत कोपर गेलं होतं. कार्तिक रडत म्हणत होता, "वस्ताद, मुझे लगा हिम्मत दिखानी है. आपने ही तो टीव्ही पे बोला."

हॉस्पिटलच्या बाकावर मी वस्तादांना सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. त्यांना स्टुडिओत कुणी नेलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच जास्त बोलले. त्यांनी एकदाही मला त्याची आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद. आणि हा माणूस सोसायटीतल्या एकेका मुलाच्या घरी जाऊन, दारात उभा राहून, आपलं उरलेलं वाक्य सांगायला लागला. लोक ऐकायचे आणि आत या म्हणायचे. एका बाईंनी तर शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, टीव्हीवर आलेले अंकल म्हणून. कार्तिकच्या घरचं दार उघडलंच नाही. महिन्याभरात वस्ताद गावी गेले.

गेल्या महिन्यात ते वारले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी श्रद्धांजली म्हणून ती टीव्हीवरचीच फीत टाकली, टाळ्या आणि चमचमत्या कागदांसकट. खाली हात जोडल्याची चित्रं. मी त्यांचं पूर्ण वाक्य लिहिलं. ग्रुपच्या व्यवस्थापकांनी ते काढून टाकलं आणि बजावलं, आज के दिन कंट्रोव्हर्सी नहीं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी मलाच काढलं.

मी फोनवर कुणाकुणाला शिव्या घालत होते तेव्हा सई खोलीतून बाहेर आली. तिचा उजवा हात अजून पूर्ण सरळ होत नाही.

"आई, तू किती चिडतेस यार," ती म्हणाली. "वस्ताद तर सगळ्यांच्या घरी गेले होते ना? मग आपण पण जाऊ. चल."

मी फोन ठेवला, चपला घातल्या. कुठून सुरुवात करायची ते सईने आधीच ठरवलं होतं. आम्ही दोघी नवव्या मजल्यावर गेलो आणि तिने त्याच हाताने कार्तिकच्या घरची बेल वाजवली.